एकोणसाठ वर्षांचं गिऱ्हाईक

टक्केराव हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण ऑफिसात कुणाला खरं नाव विचारलं असतं तर चौघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले असते. बुटांची सात दुकानं असलेल्या कंपनीत तो कामाला होता. कुठल्या दुकानात कोण येतं, काय घेतं, पुढे काय मागवावं, हे त्याने संगणकातल्या आकड्यांवरून शोधायचं आणि त्यावरून मालकांनी ठरवायचं. गडी हुशार, पण आकड्यांपुढे त्याला जग दिसत नसे. भाजीत मीठ कमी आहे का, असं बायकोने विचारलं, तर एका घासावरून निष्कर्ष काढता येत नाही म्हणे आणि पातेलं संपवी.

त्याला नोकरीला लागून पाच महिने झाले होते. सहाव्याच्या शेवटी त्याला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे ठरणार होतं. आधीच्या दोन नोकऱ्या अशाच सहाव्या महिन्यात सुटल्या होत्या. आता तिसरीही गेली तर सासऱ्यांपुढे कुठल्या तोंडाने उभं राहायचं?

तेवढ्यात त्याच्या हाती घबाड लागलं. गेल्या दोन वर्षांच्या नोंदींत शाळेजवळच्या दुकानात येणारं झाडून सगळं गिऱ्हाईक एकाच वयाचं होतं. आधी सगळे सत्तावन्न. मग मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सगळे एकदम अठ्ठावन्न झाले, आणि पुढच्या मार्चात त्याच आठवड्यात एकोणसाठ. दुसऱ्या कुणाच्या मनात इथे शंकेची पाल चुकचुकली असती. टक्केरावने त्याचा रंगीत आलेख काढला, सभेत भिंतीवर दाखवला आणि गहिवरून सांगितलं की हे गिऱ्हाईक आपल्याला सोडून जात नाही, आपल्यासोबत म्हातारं होतंय. मालक हळवे. त्यांनी डोळे टिपले. त्या दुकानातून मुलांचे बूट हलवायचे आणि मऊ तळव्याचे, गुडघ्यांना आराम देणारे जोड ठेवायचे, असं तिथल्या तिथे ठरलं. शिवाय अशा एका निष्ठावंत गिऱ्हाइकाचा फोटो आणायचं काम टक्केरावच्या गळ्यात पडलं. मालकांना तो ऑफिसात लावायचा होता.

शनिवारी तो कॅमेरा घेऊन दुकानात गेला. पाच महिन्यांत दुकानाची पायरी तो पहिल्यांदाच चढत होता. बाकावर बसून तो एकोणसाठ वर्षांच्या माणसाची वाट बघू लागला. आत पाय ठेवायला जागा नव्हती. आया पोरांना ओढून आणत होत्या, पोरं एकाच पायात बूट घालून पळत होती, आणि आया दुसरा बूट हातात घेऊन त्यांच्या मागे. दुपारपर्यंत त्याने एकशे बारा माणसं मोजली. त्यांत पन्नाशीपुढचा माणूस एकच दिसला, आणि तो काउंटरच्या पलीकडे होता.

काउंटरवरचे काका पावती करताना दर वेळी न बघता दोन कळा दाबत होते. टक्केराव उठून त्यांच्यामागे उभा राहिला. हे काय भरता, असं त्याने विचारलं.

"वय," काका म्हणाले. "ते टाकल्याशिवाय मशीन पुढे जात नाही. आता बाईमाणसाला तोंडावर वय कसं विचारायचं? मग मी आपलं माझं टाकतो."

वाढदिवस कधी असतो, हे विचारायची खरं तर गरज उरली नव्हती, तरी त्याने विचारलं. मार्चात, असं काकांनी लाजत सांगितलं. मग त्यांनी गाऱ्हाणं मांडलं. ऑफिसातल्या कुणा दीडशहाण्याने मुलांचे बूट परत मागवलेत, सोमवारी टेम्पो येणार. तीस वर्षं याच शाळेतल्या पोरांच्या पायांची मापं घेतली, आता त्यांच्या आयांना काय सांगू? बोलताना ते एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत होते. दीडशहाणा खाली मान घालून ऐकत होता.

रविवारभर त्याला वाटत राहिलं की गप्प बसावं, कायम झाल्याचं पत्र घ्यावं, पुढचं पुढे. शेवटी त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती आधी पोट धरून हसली. मग म्हणाली की बाबांना काय सांगायचं ते मी बघते, तू मालकांचं बघ.

सोमवारी त्याने मालकांपुढे सगळं ओकून टाकलं. मालक ओरडले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

"मग आपलं गिऱ्हाईक आहे तरी कोण?" त्यांनी विचारलं.

"मला माहीत नाही," टक्केराव म्हणाला. "आधी जाऊन बघायला हवं होतं."

मालकांनी फोन करून टेम्पो थांबवला. मऊ तळव्याच्या चारशे जोडांचा माल मात्र शुक्रवारीच निघाला होता आणि कारखाना तो परत घेणार नव्हता. शेवटचा जोड विकशील त्या दिवशी तुझं पत्र काढतो, असं सांगून त्यांनी टक्केरावला दुकानात धाडलं.

मंगळवारी खोक्यांची थप्पी छताला टेकली. संध्याकाळपर्यंत एकाही गिऱ्हाइकाने तिकडे ढुंकून पाहिलं नाही. दिवसभर उभं राहून टक्केरावच्या पिंढऱ्या भरून आल्या होत्या. इथे लोक तीस वर्षं कसे उभे राहतात, हे त्याला कळेना.

गर्दी ओसरल्यावर काकांनी एक खोका उघडला, स्टुलावर बसून जोड पायांत चढवला आणि दुकानात दोन फेऱ्या मारल्या. मग ते जागेवर येऊन उभे राहिले, दोन्ही पायांवर, सरळ.

"कर याची पावती," ते म्हणाले. "मी घेतोय."

टक्केरावला भरून आलं. मशीनने वय विचारलं, त्याने एकोणसाठ टाकलं. दोन वर्षांत त्या दुकानात खरं वय नोंदलेलं ते पहिलं गिऱ्हाईक. डोळे पुसून त्याने थप्पीकडे पाहिलं. तीनशे नव्व्याण्णव राहिले होते.