सासूला बघणं आणि सासूचं बघणं

मंडळी, जन्मभर संस्कृत शिकवलं आणि विभक्ती मात्र आज उदगीर-लातूर बसमध्ये कळली.

शेजारी देवणीच्या सुनंदाताई बसल्या होत्या. लातूरच्या एका दवाखान्यात म्हाताऱ्या पेशंटची देखभाल करायच्या नोकरीसाठी त्यांची मुलाखत होती. एखाद-दुसरा प्रश्न इंग्रजीत येणार, म्हणून जीव मुठीत आणि वही मांडीवर.

"सर, लुक म्हंजे बघणे, आफ्टर म्हंजे नंतर. मग लुक आफ्टर म्हंजे नंतर बघू, का?"

"तो अर्थ फक्त कचेरीत चालतो. इथं देखभाल करणे," मी म्हणालो.

एवढ्यावर थांबलो असतो तर मास्तर कसला! एकाच 'हृ' धातूला उपसर्ग लागून आहार कसा होतो आणि संहार कसा होतो, हे नळेगाव येईपर्यंत समजावलं. इंग्रजांनी उपसर्ग मागे जोडला, एवढाच त्यांचा आगाऊपणा.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे आपल्यासारखंच हाय की. सासू अंथरुणाला खिळली तवा तिला बघायला सगळं गाव आलं. तिचं बघायला मी एकटीच."

मी त्यांच्या वहीत 'लुक आफ्टर'पुढं 'सासूचं बघणं' एवढंच लिहिलं आणि खाली माझा फोन नंबर दिला.

दुपारी त्यांचा फोन आला. "सर, तेच विचारलं बघा! सासूचं कसं केलं ते मोडक्या इंग्लिशमधी सांगितलं. सोमवारपासून या म्हणले."

तुमच्या घरी आजारी माणसाला बघायला येणारे पुष्कळ असतील. त्याचं कोण बघतं? उत्तर इथं लिहू नका, त्या व्यक्तीलाच जाऊन सांगा.