माजलेली पऱ्हाटी

तुडतुड्यांवर तिसरी फवारणी झाली आणि आमची पऱ्हाटी माझ्या डोक्यावर गेली. पानं इतकी गर्द हिरवी, की बांधावरून जाणारे थांबून म्हणत, "औंदा तुमचं नशीब निघालं." मलाही बरं वाटायचं.

परवा गवत काढायला आत शिरले आणि सहज फांद्या चाचपल्या. एका झाडाला कापसाची दोन बोंडं, दुसऱ्याला एकही नाही. खाली पाहिलं तर फुलं व्हायच्या आधीच गळालेल्या पात्यांचा, कोवळ्या कळ्यांचा सडा. मी यांना हाक मारली.

"अवो, कीड मेली, पण औषधानं झाडच माजलं. नुसतं पानात गेलं."

यांनी मूठभर पात्या उचलल्या. एकेक उघडून पाहिली. कुठेच अळी नव्हती.

वाळलेलं रान पाहून लोक हळहळतात तरी. हिरव्या रानाचं रितेपण कुणाला दाखवायचं? त्याच्यासमोर उभं राहून रडलं, तर बघणारा वेडीच म्हणेल.

"आणखी एक फवारा मारून पाहू?" यांनी विचारलं. आवाज लहान मुलासारखा झाला होता.

नको, हे मला कळत होतं. पण दुसरं काहीच सुचेना, म्हणून पंपात मीच पाणी भरून दिलं.