झटका मशीनची डिग्री

इलेक्ट्रॉनिक्समध्ये बीएस्सी झाल्यावर राळेगाव तालुक्यातल्या मुलीनं पुढं काय करावं, हे तिला सोडून सगळ्यांना ठाऊक असतं. मामांना एमसीए ठाऊक होतं, मावशीला बीएड. शेजारच्या काकांना तर माझं लग्नच ठाऊक होतं, फक्त मुलगा कोण ते ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, मला वन्यजीव संवर्धनाचं तंत्रज्ञान शिकायचंय. जंगलात कॅमेरे लावायचे, जनावर कुठून येतंय ते यंत्रानं ओळखायचं. काकांनी डोकं खाजवलं. "म्हंजे झटका मशीन! थे तं कृषी केंद्रात भेटते व. त्याच्यासाठी दोन वर्सं कायले शिका लागते?"

झटका मशीन म्हणजे शेताभोवतीच्या तारेत हलका करंट सोडणारा डबा. डुक्कर किंवा रोही, म्हणजे नीलगाय, तारेला लागला की दचकून पळतो, मरत नाही. झालं! गावभर बातमी, पोट्टी झटका मशीनची डिग्री करून राह्यली. लोक बिघडलेले डबे घेऊन अंगणात हजर. मीही मुकाट्यानं दुरुस्त करून दिले, आणखी काय करणार?

कोर्स निवडणं ही तर वेगळीच मजा. वन्यजीवशास्त्रात एमएससी केली तर जनावर कळतं, पण तारेला कुणी हात लावत नाही. इलेक्ट्रॉनिक्समध्ये केली तर तार कळते आणि जनावरं फक्त कॅन्टीनमध्ये दिसतात. दोन्ही एकत्र शिकवणारा एकच कोर्स सापडला, तोही परराज्यात. मुलाखतीला गेले. बाहेर बसलेल्या एकीनं अभ्यासासाठी हिमबिबट्या ठरवून आणला होता, दुसऱ्यानं देवमासा. मी आत जाऊन सांगितलं, रानडुक्कर. समोरचे तिघंही हसले. त्यातले एक सर मोठ्या प्रेमानं म्हणाले, "पण डुक्कर काही दुर्मीळ नाही." अहो, तेच तर दुखणं आहे ना! तरी घेतलं त्यांनी मला. बहुधा करमणूक म्हणून.

घरी आले तर बाबा शेतात, मोटारपंपाच्या पेटीजवळ तारेचं भेंडोळं सोडत बसलेले. पावसाळ्यात गवत वाढून तारेला टेकलं की आमच्या मशीनचा झटका जातो, आणि डुकरांना ते बरोबर कळतं. अर्धं सोयाबीन उखडून टाकलं होतं त्यांनी. म्हणून बाबा आता डायरेक्ट लाइन लावणार होते, म्हणजे पंपाची वीज थेट कुंपणाच्या तारेत. त्यात डुक्कर मरतं, वाघ मरतो आणि पहाटे कुणी बाई सरपणाला निघाली तर तीही मरते. आमच्या बांधालगतच्या पांदणीनं तर अख्खं गाव जातं.

माझं डोकंच फिरलं. "बाबा, हे लाइन लावली तं मी कुठंच जात नाही. इथंच राहीन अन् रोज तार तोडीन."

बाबाही तापले. "मंग डुकरायले काय आरती ओवाळू? तुह्या शिक्षणात हाय का काही इलाज?"

"अजून नाही," मी म्हटलं. "थेच तं शिकायले चालली."

बाबांनी भेंडोळं गुंडाळून ठेवलं आणि म्हणाले, "जाय मंग. तू येतवरी मी जागल करतो."

जागल म्हणजे मचाणावर बसून रात्रभर रिकामा पत्र्याचा डबा वाजवायचा. साठीला आलेल्या माणसानं. मला रडू आलं, रागही आला, आणि तरी मी बॅग भरलीच.

इथं वर्गात छान गार हवा आहे. पहिल्या सत्रात आम्ही संवर्धनाच्या व्याख्या शिकतो. फार सुरेख व्याख्या आहेत, सरांनी परीक्षेला महत्त्वाच्या म्हणून सांगितल्यात. प्रयोगशाळेचं कुलूप अजून उघडलेलं नाही. आई फोनवर सांगते, बाबा जेवता जेवता ताटावरच डुलक्या घेतात. मग तेच तिच्या हातातून फोन ओढून घेतात.

"झाली का व माय, मशीन?"

"होऊन राह्यली, बाबा."

"आरामात कर," ते म्हणतात. "मले काही घाई नाही."