भिंतीवर ऊन येईपर्यंत

म्हैसूरच्या नजरबादेत मानाजीरावांना सहसा कुणी वेळ विचारत नसे. विचारलीच, तर "घड्याळातली सांगू की खरी?" असा उलटा प्रश्न येई, आणि मग सुटका नसे. हातातलं घड्याळ हे कुठल्याशा लांबच्या रेषेचं चाकर आहे, म्हैसूरच्या डोक्यावर सूर्य येतो तेव्हा त्यात बारा केव्हाच वाजून गेलेले असतात, हे सगळं ऐकावं लागे. ऐकणाऱ्याची हुणसूरची बस डोळ्यांदेखत निघून जाई.

त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या घोडदळात होते. घोडे गेले, तलवारी गेल्या, घरात कानडी मिसळलेली मराठी तेवढी उरली. मानाजीरावांनी एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून दुसऱ्यांच्या यंत्रांचे नकाशे काढण्यात उभा जन्म घालवला आणि निवृत्त होताच सावलीच्या घड्याळांच्या मागे लागले. "पूर्वजांनी घोडे पळवले, मी सावल्या पळवतो," असं ते म्हणत. हे घरी कुणाला फारसं आवडत नसे.

फोनवर त्यांचं एक छायामंडळ होतं. पुणे, सांगली, नाशिक अशा ठिकाणचे सावलीवेडे त्यात दिवसभर भांडत. जुन्या ज्योतिष्यांचा जमिनीत सरळ रोवलेला शंकू चांगला की ध्रुवाकडे रोखलेली तिरकी सळई? जयपूरच्या दगडी यंत्राला सावलीची कड नेमकी कुठे धरायची? मूळचा नाशिकचा आणि इथे कंप्युटरच्या नोकरीला आलेला मिलिंद हा मंडळातला त्यांचा एकमेव गाववाला. त्यानं एकदा गच्चीवर घड्याळ केलं आणि ते चार मिनिटं मागे पडतं म्हणून सळई जराशी वाकवली. मानाजीराव त्याच्याशी महिनाभर बोलले नव्हते. "सावलीशी खोटं बोलायचं नसतं. ज्याला खोटं चालतं त्यानं भिंतीवरचं घड्याळ विकत आणावं," असं त्यांनी मंडळात सर्वांदेखत लिहिलं होतं.

मग त्यांच्या बायकोला, गिरिजाबाईंना, पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. जीभ हळूहळू परत आली, पण वेळ परत आली नाही. घड्याळ समोर धरलं तर त्या आकडे वाचत, मात्र त्याचा अर्थ त्यांना लागेना. ज्या बाईनं चाळीस वर्षं डबे, शाळा, कारखान्याचा भोंगा असं सगळं वेळेवर चालवलं, तिला सकाळ की संध्याकाळ कळेना. आणि कळत नाही हे मात्र कळे. जेवण आणलं की त्या तोंड फिरवत. "आत्ताच तर झाला ऊटा. सुम्ने, उगीच फसवू नका मला." तासाभरानं मला उपाशी ठेवता म्हणून रडत. त्यांना साखरेचा आजार, औषध पोटात आणि अन्न नाही, म्हणजे जिवाशीच गाठ. मुलगी सुष्मा नोकरी सांभाळून हे करत होती. एकदा तिनं घास जबरदस्तीनं भरवला आणि मग न्हाणीघरात जाऊन स्वतःच रडली.

गिरिजाबाईंच्या खाटेसमोर खिडकी होती. खिडकीतून मागचं अंगण आणि त्यापलीकडे शेजारच्या मंजुनाथच्या घराची कोरी, उंच भिंत दिसे. दसरा झाल्यावर एके दिवशी त्या भिंतीवर पडलेली कपडे वाळत घालायच्या तारेची सावली गिरिजाबाई एकटक बघत होत्या. "सरकली," त्या म्हणाल्या.

मानाजीरावांनी त्याच संध्याकाळी मंजुनाथकडून भिंत मागून घेतली. म्हैसूरच्या अक्षांशाला नेमकी झुकवलेली सळई भिंतीत ठोकली आणि आयुष्यात पहिल्यांदा आकडे न लिहिता घड्याळ केलं. आकड्यांच्या जागी चित्रं काढली. डाव्या हाताला कॉफीचा लोटा, मग गोळीची वाटी, बरोबर मधोमध खाली जेवणाचं ताट, उजवीकडे पुन्हा कॉफी, आणि टोकाला समई.

ते लागू पडलं. औषध लागू पडावं तसं नव्हे, त्याहून जास्त. गिरिजाबाई सकाळपासून भिंतीवर नजर लावून बसत आणि सावली ताटाला टेकली की खणखणीत आवाजात सांगत, "ताटावर आली. वाढ गं सुष्मा. तुझ्या अप्पांना बोलाव." आता त्यांना कुणी जेवायला घालत नव्हतं, त्या घराला जेवायला बसवत होत्या. ढगाळ दिवशी आभाळाकडे बघून "आज सूर्याला रजा," म्हणत आणि मुकाट जेवत. मानाजीरावांनी मंडळात फोटो टाकला. पुण्याच्या एका म्हाताऱ्यानं, ज्यानं जन्मात कुणाचं कौतुक केलं नव्हतं, हात जोडल्याचं चित्र पाठवलं. सबंध हिवाळा घरात भांडण झालं नाही.

उगादीचा पाडवा झाला आणि सकाळच्या कॉफीला उशीर होऊ लागला. सावली लोट्यावर येईचना. भिंतीवर ऊनच उशिरा चढे. मानाजीरावांना वाटलं, मंजुनाथचं नारळाचं झाड आड येत असेल. ते अंगणात जाऊन उभे राहिले, वर पाहिलं. झाड आड नव्हतं, सूर्यच उत्तरेकडे सरकला होता.

दरवर्षी एप्रिलात ते शाळेच्या पोरांना बोलावून उन्हात पेला उभा करत. पेल्याची सावली पेल्याखाली नाहीशी झाली की टाळ्या पडत, आणि मग ते ठरलेलं वाक्य सांगत: "उद्यापासून चार महिने दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला." इतकी वर्षं सांगितलेलं हे वाक्य त्यांना भिंत रंगवताना आठवलं नाही. मंजुनाथची भिंत दक्षिणेकडे तोंड करून होती. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

रोज ऊन भिंतीवर आधीच्यापेक्षा उशिरा येई आणि लवकर जाई. आधी लोटा गेला, समई गेली, मग गोळीची वाटी. मधलं ताट तेवढं राहिलं. तेही पुसट झालं आणि मंडळात शून्य सावलीच्या शुभेच्छा येऊ लागल्या त्या सुमारास गेलं. अंगणात डोळे दिपवणारं ऊन आणि भिंत तेवढी कोरडी, सपाट. गिरिजाबाई बसून राहिल्या.

"जेवू या," मानाजीराव म्हणाले.

"बिसिलु, ऊन कुठाय भिंतीवर? अजून व्हायचंय."

"गिरिजा, सूर्य पलीकडे गेलाय. ऑगस्ट संपत आला की येईल."

त्यांनी नवऱ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू तेही शेवटी फसवणाऱ्यांना सामील झाले होते. संध्याकाळपर्यंत त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नाही. रात्री अंग घामानं भिजलं, हात थरथरू लागले आणि सुष्मानं तोंडात साखर घातली.

मानाजीरावांनी मंडळाला विचारलं. मंडळ धावून आलं, कारण प्रश्न सुरेख होता. कुणी म्हणालं, उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीवर करा. तशी भिंत खाटेवरून दिसेल अशी खिडकीच नव्हती. कुणी म्हणालं, अंगणात आडवं घड्याळ करा, ते बारा महिने चालतं. ते खाटेवरून दिसत नव्हतं. कुणी खिडकीत आरसा ठेवून छतावर कवडसा पाडायची जुनी विलायती युक्ती नकाशासकट पाठवली. दुपारचं ऊन छपरामुळे खिडकीला शिवतच नव्हतं. एकमेकांच्या चुका काढत ते मध्यरात्रीपर्यंत रमले. मानाजीरावांनी फोन उशीखाली सारला. त्यांना त्या लोकांचा राग आला, आणि महिन्यापूर्वी आपणही असेच रमलो असतो हे जाणवून स्वतःचाही.

मिलिंद घरी आला. खाट पुढच्या खोलीत हलवून पाहिली, तर गिरिजाबाई "माझी भिंत" म्हणून हुंदके देऊ लागल्या. खाट परत आणली.

"काका, रागावू नका," जाताना मिलिंद दारात म्हणाला. "काळ्या रंगानं ताटावर सावलीच काढून टाका."

"सावली हलत नाही, हे तिला कळेल," मानाजीराव म्हणाले. रागवायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती.

चार दिवसांनी सुष्मा घासलेली स्टीलची ताटं गच्चीवर वाळत घालत होती. एका ताटावरून उन्हाची तिरीप उडाली आणि समोरच्या भिंतीवर जाऊन पडली. खालून आवाज आला, "आलं! आलं की ऊन!"

मानाजीरावांनी कपाटाचा आरसा काढला आणि गच्चीवर नेला. खिडकीच्या बरोबर वर, कठड्यापाशी उभं राहून त्यांनी ऊन आरशात धरलं आणि सळईवर सोडलं. सळईची सावली खाली उतरली. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे करत त्यांनी ती ताटावर नेऊन ठेवली. खालून गिरिजाबाईंचा खणखणीत आवाज आला, "वाढ गं सुष्मा."

हजारो वर्षं माणसं सावलीकडून वेळ घेत आली. सावलीला वेळ सांगणारा आपणच पहिला, असं त्यांच्या मनात आलं आणि लाजेनं कान तापले. त्या दिवसापासून त्यांनी मंडळात एक अक्षर लिहिलं नाही. सकाळी कॉफीला गच्चीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात, दुपारी मधोमध, संध्याकाळी पश्चिमेला, असे ते आरसा घेऊन उभे राहू लागले. गिरिजाबाई जेवू लागल्या. सुष्मानं एकदा म्हटलं, "अप्पा, मी धरते." पण तिला सावली जागेवर आणता येईना, आणि ती दुपारी घरी असायची तीही फक्त जेवण वाढण्यापुरती.

आरसा जड होता आणि मानाजीरावांची पंचाहत्तरी उलटली होती. पहिले काही दिवस निभावलं. मग कोपर कापू लागलं. कठड्यावर टेकवला तर कोन साधेना. मे महिन्याच्या एका दुपारी सावली ताटाच्या कडेवर आली, पण ठरेना. घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायला तिसरा हात नव्हता. खाली खिडकीतून बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"बघ गं," गिरिजाबाई म्हणत होत्या, "कशी कापते सावली."

सुष्मानं भांड्यावरचं झाकण काढलं.

"म्हातारा झाला सूर्य." सावली पुन्हा कडेवरून घसरली. "वाढ लवकर. भूक नाही, पण वाढ. किती वेळ उन्हात उभा राहील बिचारा."

खाली चमचा ताटाला लागला. मानाजीराव वर तसेच उभे होते. तिला काय कळलं आणि काय नाही, हे विचारायला खाली जावं, तर आरसा ठेवावा लागला असता, आणि तिचं जेवण अजून व्हायचं होतं.