मामांचा सिनेमा, मामींची निवडणूक

सिनेमा पाहून आमच्या मामांइतका रडलेला माणूस उभ्या जालना जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही. टेंभुर्णीला तंबूतला सिनेमा यायचा तेव्हा मामा दिवसभर बैलगाडीला भोंगा बांधून त्याची जाहिरात करायचे आणि संध्याकाळी पहिल्या रांगेत उपरण्यात तोंड खुपसून हुंदके द्यायचे. पडद्यावर कोणाचं लग्न लागलं तरी रडायचे. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "पोरगी सासरी चाललीय, तुला दिसून न्हाई राह्यलं का?" एकदा ऐन शेवटाला मशीन बंद पडलं आणि लोक गलका करू लागले. मामा उठले, पडद्यापुढे उभे राहिले आणि उरलेला सिनेमा त्यांनी तोंडी सांगितला, घोड्यांच्या टापांसकट. गोळी लागलेल्या नायकाला मारणं मात्र त्यांच्या जिवावर आलं, म्हणून त्यांनी त्याला तिथल्या तिथे बरं केलं. दुसऱ्या दिवशी दुरुस्त मशीनवर तोच नायक मेला, तेव्हा अर्धा गाव तंबूवाल्याशी भांडला. खरा सिनेमा कालचा, हा कापलेला आहे म्हणून.

तंबू जाऊन जमाना झाला. यंदा ग्रामपंचायतीची निवडणूक लागली, मामांचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला आणि लोकांनी मामींना उभं केलं. मामी म्हणजे दिवसाला चार वाक्यं बोलणारी बाई. मामांना मात्र आपलाच सिनेमा निघाल्यासारखं झालं. मामींनी ट्रॅक्टरवरून उतरायचं, थांबायचं, मान वळवून गर्दीकडे बघायचं आणि तेवढ्यात हलगी वाजायची, असं सगळं त्यांनी बसवलं. भाषणही जोरदार लिहिलं. सभेला मी मुद्दाम गेलो होतो. मामी ट्रॅक्टरवरून उतरल्या त्या कुठेही न थांबता तडक माईकपाशी गेल्या. कागद त्यांनी उघडलाच नाही.

"बायांनो, आपल्या गल्लीत नळ येतो तवा आपण शेतात असतो. मी निवडून आले तर नळाची येळ आधी सांगत जाईन. लई पाणी आणीन असं काही मी म्हणत न्हाई."

एवढंच बोलून त्या खाली बसल्या. मग मागून एक म्हातारी म्हणाली, "बराबर हाये," आणि बायकांत बोलणं सुरू झालं. मामा माईकच्या मागे उभे राहून रडत होते.

घरी आल्यावर ते म्हणाले, "हिला इतकं बोलता येतं, मला ठावंच नव्हतं."

"तुम्ही घरी कवा होता?" मामी म्हशीला पेंड घालता घालता म्हणाल्या. त्यात राग नव्हता. तंबूच्या त्या सगळ्या संध्याकाळी त्यांनी धारा काढण्यात आणि तंबूवाल्यांसाठी भाकरी थापण्यात घालवल्या होत्या. सिनेमा त्यांनी कधीच पाहिला नव्हता, आणि हे त्या दिवशी पहिल्यांदा मामांच्या ध्यानात आलं. ते जेवले नाहीत.

दोनच दिवसांनी, प्रचार तसाच टाकून, मामा मामींना एसटीने जालन्याला सिनेमाला घेऊन गेले. कार्यकर्ते चिडले. मतदान आता आठवड्यावर आलंय आणि समोरची बाई तगडी आहे. काल मामांचा फोन आला तर निवडणुकीचं नावसुद्धा नाही.

"तुझी मामी पडद्याकडं बघतच नव्हती," ते म्हणाले. "पाठीमागं वळून वर, उजेडाच्या झोताकडं बघून राह्यली होती. म्हन्ली, आवो, एवढं सगळं त्या बारक्या भोकातून येतं व्हय?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"काय सांगणार बाबा? तिच्यासंगं म्या बी पहिल्यांदाच मागं वळून बघितलं."