शंकांच्या बाई

"माझ्या मुलांना उत्तरासाठी ताटकळावं लागत नाही," असं विज्ञानाच्या बाई एकदा शिक्षकांच्या खोलीत म्हणाल्या होत्या. तेव्हापासून त्यांचं नावच पडलं, शंकांच्या बाई.

शाळेच्या ॲपवर मुलं आपलं नाव न कळवता शंका विचारत. लाजऱ्या मुलांसाठी ती सोय होती. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना बाईंचा अंगठा फोनवर चालूच. "अंघोळीला तरी रजा टाकता की नाही?" गणिताचे सर चिडवायचे. नवरा म्हणायचा, "मीही सातवीत नाव घालतो. निदान माझ्याशी बोलशील तरी." बाई हसायच्या. मान वर न करता हसायच्या.

त्या रविवारी इस्त्रीचे कपडे ठेवताना लेकीच्या कपाटात सॅनिटरी पॅडचं अर्धं संपलेलं पाकीट दिसलं. लेक त्यांच्याच शाळेत, सातवीत.

"अगं, कधी झालं हे? मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं." लेक नखं कुरतडत होती. "ॲपवर. तू लिहिलंस, घाबरू नकोस बाळा, आईला सांग, ती जवळ घेईल."

बाईंना ती शंका आठवली. उत्तर पाठवल्यावर, या पोरीची आई समजूतदार असू दे, असंही मनात येऊन गेलं होतं.

"मग यायचं ना गं माझ्याकडे!"

"आले होते की. तू बोट वर केलंस, थांब म्हणून. थांबले थोडा वेळ. मग शेजारच्या काकूंकडे गेले."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईंना धरायला काहीतरी मिळालं असतं. भिंती जागच्या जागी होत्या. घर तेवढं त्या भिंतींतून निघून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत पालकसभा. विषय 'फोन आणि आपली मुलं', आणि बोलणार बाईच, केव्हाच ठरलेलं. भाषण त्यांनी कसंबसं उरकलं. तेवढ्यात एका आईने विचारलं, "बाई, तुमची मुलगीही इथेच ना? ती बोलते का तुमच्याशी मोकळेपणाने? आमची तर तोंडच उघडत नाही!"

हशा पिकला. बाईंनी माइक पुन्हा तोंडाजवळ नेला. पालकांना पाणी द्यायला उभ्या असलेल्या मुलींमध्ये लेक होती. तिने क्षणभर आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिथूनच मोठ्याने म्हणाली, "हो! आई माझं सगळं ऐकते."

टाळ्या पडल्या. बाईंनी माइक टेबलावर ठेवला आणि त्या दारातून बाहेर पडल्या.