डाव्या पायाचं वंगण

वैशाखरे गावच्या लडकूला दुसऱ्याच्या बैलगाडीचा आवाज सहन होत नसे. घाटाकडून एखादी गाडी कुरकुरत आली की हा ओट्यावर तोंड वाकडं करून बसे आणि गाडीवानाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणे, "बैल रडतायत का आस रडतोय, काय कळत नाय." स्वतःच्या गाडीला तो एरंडेलात पेंढ्याची राख खलून वंगण घाली, आणि ती गाडी खरंच मुकाट चाले. एवढ्या एका गोष्टीवर माणसानं किती मिजास करावी? लडकूनं जन्मभर केली. भावाची नांगरट त्याला वाकडी दिसे, बायकोची भाकर जाड लागे, गावातली बाकी माणसं तर त्याच्या लेखी बैलांनाच बोलता येऊ लागल्यासारखी. थोरला भाऊ शेत बघायचा. लडकू बघायचा ते कोण कुठं चुकतंय.

जगाची दुसरी लढाई ऐन भरात आली तेव्हा गोऱ्यांच्या लष्करानं कल्याणच्या बाजूचा एक माळ सपाट करून तिथं विमानं उतरवायला सुरुवात केली. मुरबाडच्या बाजारात ठेकेदाराचा माणूस ओरडत फिरला, की वंगणाचं काम जाणणारी माणसं पाहिजेत. लडकू घरी येऊन म्हणाला, "इथं माझी किंमत कुणाला हाय? मी चाललो." भाऊ नांगर खांद्यावर टाकून शेताकडं निघाला. त्याला बहुधा हायसंच वाटलं असावं. बायको हिराबाईनं सुकटीची चटणी बांधून दिली. तिलाही फार रडू आलं असं कुणी पाहिलं नाही.

माळावर पोचल्यावर लडकूनं पहिलं विमान पाहिलं ते लोखंडी टेकूंवर उचलून ठेवलेलं. दोन पंख्यांचं, सामान वाहणारं, पोटाखाली दोन जाड पाय. आत कुणी तरी दांडा ओढला आणि ते पाय सावकाश वर मुडपले, परत सावकाश खाली आले. आजूबाजूचे नवे मजूर तोंड उघडं ठेवून बघत राहिले. लडकू म्हणाला, "हात्तिच्या! कोंबडीपण एवढं करते."

"मग कोंबडीलाच बोलावू या का कामाला?" विमानाच्या पोटाखालून आवाज आला.

पाठीवर निजून काम करणारा माणूस सरपटत बाहेर आला, उठला, हात पुसले. तो भिमा होता. वैशाखऱ्याचाच, पण गावाबाहेरच्या वस्तीतला. गावात असताना तो लडकूच्या अंगणाच्या कडेला उभा राहून, मान खाली घालून, "लडकूदादा, काय काम हाय का?" असं विचारायचा आणि वरून टाकलेली भाकर पंचाच्या पदरात झेलायचा. इथं त्याच्या दंडाला पट्टा होता. धावपट्टीचे दगड फोडायला तो आला, तिथून विमानांच्या पायांपाशी पोचला, आणि आता वंगणाच्या टोळीचा मेट होता. म्हणजे लडकूचा वरचा.

लडकूच्या अंगाला जणू खाजकुयली लागली.

भिमाही काही गोड माणूस नव्हता. वर्षानुवर्षं मान खाली घालून त्यानं जे काही गिळलं होतं, ते आता तो चवीचवीनं बाहेर काढत असे. "ऐक रे लडकू," तो म्हणाला. 'दादा' तर सोडाच, 'अहो'सुद्धा नाही. "हा जॅक. आत तेलाचा दाब आला की ही दांडी सरकते आणि पाय हलतो. जिथं बिजागरी हाय तिथं ग्रीस. पिचकारी लाव आणि जुनं काळं भायेर पडून नवं दिसेपर्यंत दाब. पण ही चकचकीत दांडी हाय ना, हिला ग्रीस नाय. स्वच्छ फडकं घे, त्याला हे तांबडं तेल लाव आणि पुसून घे. दांडीवर ग्रीस थापलास तर धूळ चिकटंल. दांडी आत जाताना तीच धूळ रबराची कडी खाईल. मग तेल गळंल, दाब जाईल, पाय अर्ध्यावर राहील. कळलं का?"

"तू मला वंगण शिकवतोस?" लडकू म्हणाला. "माझ्या अंगणाची पायरी कधी चढलास का?"

"नाय चढलो. तुझ्या अंगणात विमान हाय का?"

टोळी हसली. भिमानं ग्रीसची पिचकारी पुढं केली. लडकूनं हात मागं घेतला. "खाली ठेव. मी घेतो."

पहिल्या दिवशी भिमानं ती खाली ठेवली. दुसऱ्या दिवशीही ठेवली, पण निवडून, राखेच्या ढिगात. "घे," म्हणाला. तासभर लडकू पिचकारीच्या तोंडातली राख काडीनं कोरत बसला. तरी त्याची खोड गेली नाही. रोज हेच चाले. एक जण जमिनीवर टाकायचा, दुसरा जमिनीवरून उचलायचा, आणि दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटायचं.

लडकूच्या वाट्याला एका विमानाचा डावा पाय आला होता. भिमा बघायला आला की हा हातातलं फडकं टाकून उठे आणि म्हणे, "आता तूच कर. तुझा हात लागला तर मी नाय लावणार." भिमानं गोऱ्या सार्जंटला जाऊन सांगितलं, की हा माणूस मला तपासू देत नाही, याला दुसरीकडं घाला. सार्जंट उन्हानं लाल झालेला, घामोळ्यांनी वैतागलेला. त्याला काळ्या माणसांत आणखी कमी-जास्त काळी माणसं असतात हेच मुळी हास्यास्पद वाटत होतं. तुमची भांडणं तुमच्यात मिटवा, म्हणाला, आणि खाटेवर जाऊन पडला. भिमा परत आला आणि लडकूच्या डाव्या पायाकडं बघणं त्यानं सोडून दिलं. "मर तिकडं," एवढंच बोलला.

लडकूला रान मोकळं मिळालं. दुपारी तो आपल्यासारख्याच शेतकरी माणसांत जेवायला बसे. भिमाची पंगत वेगळी, लांब, टाकीच्या पलीकडं. किन्हवलीचा धर्मा नावाचा एक हमाल होता, शांत, सगळं ऐकून घेणारा. त्याला लडकू रोज सांगे, "त्या पायाला भिम्याचं बोट लागू दिलं नाय मी. सगळं माझ्या हातचं. बघ कसा लोण्यासारखा चालतो." धर्मा भाकर चावत मान हलवी. हे ऐकून ऐकून त्याला पाठ झालं होतं.

आणि लोण्यासारखाच चालत होता, सुरुवातीला. कारण लडकूनं चकचकीत दांडीवर ग्रीसचा जाड थर थापला होता, आसाला थापतात तसा. कोरडी दांडी त्याला बघवत नव्हती. उन्हाळ्याचे दिवस, माळावरची धूळ पिठासारखी उडे. प्रत्येक उड्डाणाला ती ग्रीसला चिकटली आणि दांडीबरोबर आत गेली. थोड्याच दिवसांत लडकूला चाकावर तांबड्या तेलाचा ओघळ दिसला. तेल गळलं तर मेटला सांगायचं, एवढं त्याला माहीत होतं. पण मेटला सांगायचं म्हणजे भिम्याला सांगायचं. लडकूनं इकडं तिकडं पाहिलं, ओघळ गोणपाटानं पुसला आणि दांडीवर ग्रीसचा आणखी एक हात दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओघळ. पुन्हा गोणपाट.

मग एके दिवशी भर दुपारी ते विमान परत आलं आणि उतरेना. माळावर घिरट्या घालत राहिलं. सगळे शेडमधून बाहेर येऊन वर बघू लागले. उजवा पाय खाली होता. डावा अर्धवट लोंबकळत होता, लंगड्या जनावरासारखा. आत माणसं होती. लडकूच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? आतली माणसं नव्हे. भिम्या बघत तर नाही ना, हे आलं.

भिमा बघत होता.

विमान टेकलं तेव्हा क्षणभर वाटलं की निभावलं. मग डावा पाय मुडपला, पंख जमिनीला घासत गेला, पंख्याची पाती वाकली आणि ते सगळं धूड धुळीत गरकन फिरून थांबलं. जीव कुणाचा गेला नाही. बिनतारी यंत्रावरच्या गोऱ्या पोराचा हात मोडला. त्याला उचलून नेताना तो ओरडत होता, आणि लडकू गर्दीच्या मागं सरकत होता.

संध्याकाळच्या आत चौकशी लागली. पत्र्याच्या शेडमध्ये टेबल, त्यापाठी साहेब, बाजूला कल्याणचा एक दुभाषा. टेबलावर ती दांडी, ग्रीसच्या चिखलात लडबडलेली. साहेबानं विचारलं, डाव्या पायाचं काम कुणाचं?

"भिमाचं," लडकू म्हणाला. सांगायला त्याला वेळ लागला नाही, अडखळायलाही झालं नाही. असल्या वेळी कुणाकडं बोट दाखवायचं हे तो लहानपणापासून शिकला होता.

साहेबानं भिमाकडं पाहिलं. भिमानं दांडीवरचा गाळ बोटानं खरवडला, वास घेतल्यासारखं केलं आणि दुभाष्याला म्हणाला, "मला काय शिक्षा करायची ती करा. पण हे काम माझ्या नावावर नका लिहू. असलं घाणेरडं काम मी करत नाय. हा ज्याच्या पंगतीला बसतो त्या धर्माला विचारा."

धर्मा पुढं आला. शांतपणे, भाकर चावावी तसा एकेक शब्द बोलला. "साहेब, हा लडकू रोज जेवताना सांगतो, त्या पायाला भिम्याचं बोट लागू दिलं नाय, सगळं माझ्या हातचं. सगळ्यांनी ऐकलंय."

पंगतीतल्या बाकीच्यांनी माना डोलावल्या. साहेबाला कळेना की मेटचा हात का लागू द्यायचा नाही. दुभाष्यानं त्याच्या कानाशी लागून समजावलं. ऐकता ऐकता साहेबाच्या चेहऱ्यावर जे आलं, तो राग नव्हता. चपलेखाली काही चिरडलं म्हणून खाली बघावं, तसं त्यानं लडकूकडं पाहिलं आणि हातानं 'घेऊन जा' अशी खूण केली. दोन शिपायांनी लडकूला माळाबाहेर हाकललं. भिमाचाही पट्टा काढून घेतला, तपासलं नाही म्हणून. आठवडाभरात परत द्यावा लागला, कारण दुसरं कुणी ते काम जाणत नव्हतं. सार्जंटला कुणी काही विचारलं नाही.

लडकू गावी परतला आणि ओट्यावर बसून त्यानं सांगितलं, "सोडून आलो. भिम्याच्या हाताखाली मी राबणार? साहेब पाया पडत व्हता, जाऊ नको म्हणून. माझ्यावाचून विमान उतरायचं नाय." गावानं वाहवा केली. असल्या बाणेदारपणाची गावाला नेहमीच हौस. हिराबाई एवढंच म्हणाली, "गाडीचं चाक वाजतंय. बघा जरा." मग लडकूचे दिवस एकाच भीतीत गेले. भिमा गावी आला की काय सांगेल?

भिमा आला तो लढाई संपल्यावर, म्हसा गावच्या जत्रेत. पायांत बूट, खांद्यावर नवी घोंगडी, सोबत बायको काशी. वैशाखऱ्याची माणसं बैलबाजारात चहा पीत बसली होती, लडकू मधोमध. कुणी तरी हाक मारली, "अरे भिम्या, तुझ्या विमानाच्या इथं आमचा लडकू व्हता ना रे?"

लडकूनं चहाची बशी तोंडापुढं धरली.

भिमानं त्याच्याकडं पाहिलं. ओळख नाही, राग नाही, काहीच नाही. "कोण लडकू?" म्हणाला. "पुष्कळ येत व्हते. झाडायला, पुसायला. कोण लक्षात ठेवतो?" आणि काशीकडं वळून घोंगडीच्या भावाबद्दल बोलू लागला.

लडकूनं सुटलो म्हणून चहा संपवायला हवा होता. पण तो ताडकन उठला. शिवी दिली असती, चार लोकांत वाभाडे काढले असते, तर त्यानं सोसलं असतं. हा माणूस, हा अंगणाच्या कडेला उभा राहणारा माणूस, आपल्याला ओळखतसुद्धा नाही! "मीच तो!" तो ओरडला. "डावा पाय माझाच व्हता! ते विमान माझ्यामुळं पडलं! सांग ना रे, सांग यांना!"

बैलांचे व्यापारीसुद्धा वळून बघू लागले. गाववाले खो खो हसले. "परवापर्यंत तर तुझ्यावाचून उतरत नव्हतं!" एक जण म्हणाला. भिमा हसला नाही. तो काशीला "चल" म्हणाला आणि गर्दीतून निघून गेला. पुढं त्याला कल्याणच्या एका मोटार कारखान्यात काम मिळालं. वस्तीतलं खोपट त्यानं भावाला दिलं. वैशाखऱ्याला तो पुन्हा आल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

लडकूला मात्र त्या ओरडण्याची चटक लागली. विमान पाडल्याची हकिकत तो, गोऱ्या पोराच्या मोडलेल्या हातासकट, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला आणि दर वेळी ती थोडी पुढं सरके. आधी विमान चुकून पडलं. मग साहेबाशी भांडण झालं म्हणून पडलं. देश मोकळा झाला तोवर लडकूनं गोऱ्यांचं विमान जाणूनबुजून, देशासाठी पाडलेलं होतं. जत्रेत हसलेलीच माणसं आता माना डोलावू लागली, कारण झेंडा लावायच्या दिवशी हार घालायला गावाला कुणी तरी हवं होतं. शाळेपुढं लडकूला उभं करून त्याच्या गळ्यात तेरड्याचा हार घातला. तो छाती काढून उभा राहिला, आणि बोलायला सांगितल्यावर बराच वेळ बोलला.

घरी येऊन त्यानं हार हिराबाईच्या हातात दिला. "जपून ठेव. खुंटीला लाव."

हिराबाईनं हार पाहिला, नवऱ्याकडं पाहिलं. "बिनतारी यंत्रावरच्या त्या पोराचा हात नीट झाला का, विचारलंत का कधी?" ती म्हणाली.

लडकूला प्रश्नच समजला नाही. तो ओट्यावर जाऊन बसला. रस्त्यानं कुणाची तरी गाडी कुरकुरत चालली होती, त्यानं तोंड वाकडं केलं.

हिराबाई परसात गेली आणि तिनं हार शेळीपुढं टाकला. शेळीनं फुलं खाल्ली, दोरा तेवढा थुंकून दिला.